रानबडीशेपेचा वास

२५ जानेवारी, रविवार

डॉक्टरबाईनं सांगितलं म्हणून लिहिते आहे. तिसरीत शाळा सुटली तेव्हापासून सही करण्यापलीकडे माझ्या हातात पेन टिकलेलं नाही. बाई म्हणाली, "आजी, कुत्रीनं काय खाल्लं, कशी चालली, कशाला दचकली, रोज लिहून ठेवा. त्यावरून मला औषध कमीजास्त करता येईल." म्हटलं, लिहीन, पण माझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या नाहीत.

काल बिर्बाला विष लागलं. शनिवारी एल्व्हिओ, म्हणजे माझा मुलगा, खाली शहरात बाजाराला जातो आणि सून लोरेदाना माहेरी. घरात मी आणि कुत्री. एल्व्हिओ आठवडाभर बजावत होता, तिचा पाय दुखावलाय, तिला बाहेर काढू नकोस. मी चारही पाय दाबून पाहिले, कुठे काही नव्हतं. हंगाम चाललेला, काळं ट्रफल, सोन्याच्या भावानं विकलं जाणारं ते कंदासारखं अळंबं, जमिनीखाली पिकून वास सोडतंय, आणि असलं नाक घरात झोपवून ठेवायचं? मी तिला घेऊन गेले. कुठे, ते इथंही लिहिणार नाही. माझ्या नवऱ्यानं, नाझारेनोनं, मरताना कानात सांगितलेली जागा आहे. जगात मला एकटीला ठाऊक.

एकटीला म्हणते खरी, पण यंदा तिथं कोणीतरी येतंय. डुकरानं उकरल्यासारखे खड्डे करून जातो मेला. बुजवतही नाही. मी खड्डा असा बुजवते की वरचं पानसुद्धा जागच्या जागी असतं. मला उबाल्दोचा संशय आहे, तोही म्हातारा कुत्री घेऊन ट्रफल काढतो.

बर्फ अर्धंमुर्धं वितळलेलं. बिर्बानं एका ओकाखाली बर्फात नाक खुपसलं आणि काहीतरी गिळलं. मी ओरडले तोवर पोटात गेलं. परतताना तिचे पाय काठ्यांसारखे ताठ झाले, मान मागे ओढली गेली, ओठ फाकून दात दिसायला लागले, हसल्यासारखे. शालीत बांधून पाठीवर घेऊन उतरले. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई आणि पाठीवर झटके देणारी कुत्री. सतरा तारखेला जनावरांना आशीर्वाद देतात तेव्हा बिर्बा चर्चपुढे संत अंतोनिओच्या नावाचा पाव खाऊन आली होती. संतांचं लक्ष दुसरीकडे होतं.

डॉक्टरबाई आली, नळी घातली, सुया टोचल्या. म्हणाली, "हे विष नसांवर जातं. नसांना एक लगाम असतो आजी, 'पुरे, आता थांब' म्हणणारा. हे विष तो लगाम कापतं. मग कागद सळसळला तरी अख्खं शरीर झटका देतं. औषधानं ती झोपेल, पण खोलीत अंधार हवा. आवाज नको, हात लावणं नको."

माझ्या जिभेलाही असा लगाम नाही असं नाझारेनो म्हणायचा. पण मी अजून जिवंत आहे.

एल्व्हिओ संध्याकाळी आला. बिर्बाचं ऐकलं आणि भिंतीसारखा पांढरा पडला. "कुठे? कुठे खाल्लं तिनं?" जगेल का, हे विचारलंच नाही. पुन्हा तेच, "आई, कुठे गं?" आता खरी जागा कशी सांगणार? म्हटलं, "उबाल्दोच्या द्राक्षमळ्याच्या भिंतीशी." तो मटकन खुर्चीत बसला आणि मोठ्यानं श्वास सोडला. पोराचा जीव होता तर कुत्रीवर. मला वाटलं नव्हतं.

आज पहाटे पाद्रीबाबांकडे गेले. म्हटलं, आज घंटा वाजवायची नाही.

"झेलिंदा, रविवार आहे."

"देवाला ठाऊक आहे रविवार आहे ते. त्याला वेगळं कळवायला नको."

"आणि लोकांना?"

"लोकांच्या हातात घड्याळं आहेत. माझ्या कुत्रीच्या नसा कापल्यात."

घंटा वाजली नाही. अर्धा गाव उशिरा पोचला आणि सगळ्यांनी मला शिव्या दिल्या. बिर्बा झोपली.

२६ जानेवारी

दोन झटके. एक लोरेदानाच्या हातून चमचा पडला म्हणून.

घरात सगळे कुजबुजतात. कुजबुजत भांडणं फार अवघड असतं. लोरेदाना म्हणाली, "सासूबाई, कुत्रीसाठी मी आता माझ्याच घरात अनवाणी फिरू का?" मी म्हटलं, "फिर. त्या सपातांचा आवाज मला लग्नापासून आवडत नाही." ती हसली नाही.

२८ जानेवारी

झटके थांबले. पाणी प्यायली. पंजा उचलून माझ्या पायावर ठेवला. मी तिला म्हटलं, लाड नकोत.

एल्व्हिओ म्हणतो, "हे उबाल्दोचंच काम आहे. सूड घेतला त्यानं."

"कशाचा सूड?"

"नेरिनाचा."

नेरिना म्हणजे उबाल्दोची कुत्री, बिर्बा विष खायच्या चार दिवस आधी मेली. मोकाट फिरायची, रानातून फेस गाळत आली आणि दारात पडली.

"नेरिनाचं आपण काय केलं?"

"आपण कुठे काय केलं! त्याला वाटतं ना तसं."

"त्याला तसं का वाटावं?"

"मला काय विचारतेस! त्याला विचार," असं म्हणून उठून गेला. ताटात रस्सा तसाच. नेरिना मेली त्या रात्रीही जेवला नव्हता तो. दुसऱ्याच्या कुत्रीसाठी जेवण सोडतो, पण आईच्या गुडघ्यांची चौकशी म्हणून करत नाही.

तरी त्याच्या बोलण्यात दम आहे. म्हाताऱ्याची स्वतःची कुत्री मेली, तर आता सगळ्यांच्या मरू देत असं त्याला वाटलं असेल. माणसं असतात तशी.

३१ जानेवारी

अंगणात चालली. मागचे पाय लटपटतात. कोंबडी फडफडली तशी जमिनीला चिकटली. डॉक्टरबाई फोनवर म्हणाली, विष गेलं, भीती उरली. म्हटलं, भीतीवर सुई आहे का? नाही म्हणाली.

उबाल्दो वाटेनं चालला होता. कुंपणाशी थांबला, बिर्बाकडे पाहिलं. "जगली?"

"तुझ्या कृपेनं नाही."

माझ्याकडे पाहत राहिला. त्याचे डोळे आधीच पाणावलेले असतात, ते वयामुळे. "बरं झालं," म्हणाला आणि गेला. चाळीस वर्षं जानेवारीत आमचं डुक्कर मारायला येतो हा माणूस. यंदाही आला होता, दिवसभर माझ्या टेबलाशी उभा राहून मांस कापत होता. त्याची बायको गेली तेव्हा मी महिनाभर त्याला ताट पाठवलंय. अशा माणसाच्या पोटात काय असतं ते कसं कळावं.

५ फेब्रुवारी

आज नाकाची परीक्षा घेतली. याच्यावरच सगळं आहे. बिर्बाचं नाक गेलं तर हे घर गेलं. एल्व्हिओच्या लाकूडकामावर नात शिकत नाही, तिकडे पेरूज्यात खोली घेऊन राहत नाही. ती शिकते बिर्बाच्या नाकावर.

बरणीतला ट्रफलचा तुकडा चिंधीत बांधून परसात, जुन्या पिंपाखाली वीतभर खोल पुरला. बिर्बाला सोडलं. ती उभी राहिली, मान वर. मग शेपटी ताठ, नाक जमिनीला, सुई दोऱ्याकडे जावी तशी सरळ पिंपापाशी. दोनदा पंजा मारला आणि माझ्याकडे पाहिलं. मी नाक पुसलं. सर्दी झाली आहे.

आणि मग मी मूर्खपणा केला. नेहमीसारखी बक्षीस म्हणून सॉसेजची चकती काढली. आमचं घरचं, रानबडीशेप आणि संत्र्याची वाळवलेली साल घातलेलं. गावात तसं कोणी करत नाही, ती माझ्या आजीची रीत. पिल्लू असल्यापासून बिर्बा त्या चकतीसाठी डोंगर उकरेल. आज हात नाकापाशी नेला, तर ती मागे सरली. तोंडातून लाळ, पोट आत, थरथर. पिंपामागे जाऊन ओकली, पोटात काही नसताना.

चीज दिलं तर खाल्लं. पाव खाल्ला. पुन्हा सॉसेज दाखवलं, पुन्हा तेच.

नखरे. आजारपणात लाडावली.

९ फेब्रुवारी

डॉक्टरबाई येऊन गेली. मी सॉसेजचं सांगितलं. ती म्हणाली, "हे नखरे नव्हेत आजी. एखादी गोष्ट खाऊन जनावर मरता मरता वाचलं, की तो वास डोक्यात कोरला जातो. एकदाच पुरतं. खाणं आणि दुखणं यांच्यामध्ये तास गेले तरी. उंदीर, लांडगा, माणूस, सगळ्यांचं सारखं. जिवंत राहण्यासाठीच शरीरानं केलेली सोय आहे ती."

हे मला पटलं. बहिणीच्या लग्नात मी चेरीची दारू ढोसून तीन दिवस पडले होते. आजही कोणी त्या बाटलीचं बूच उघडलं की पोट वर येतं. पण मी म्हटलं, "बिर्बानं खाल्ला तो विषाचा गोळा. माझं सॉसेज नव्हे."

 बाई चुलीवरच्या दांडीला टांगलेल्या सॉसेजच्या माळांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "गोळा कशाचा होता ते तिच्या नाकाला ठाऊक. हे तुम्ही कोणाला विकता?"

"विकत नाही. घरात खातो."

"कोणालाच देत नाही?"

"एक माळ उबाल्दोला. दरवर्षी, डुक्कर मारल्याबद्दल."

बोलले आणि तिथंच मला उजेड पडला. माझंच सॉसेज! मेल्यानं माझंच सॉसेज कुसकरून त्यात विष कालवलं! बाईला म्हटलं, "तुमचे उपकार झाले." ती म्हणाली, "आजी, जरा थांबा, घाई करू नका." शिकलेले लोक नेहमी थांबा म्हणतात.

१० फेब्रुवारी

थांबले नाही. सकाळी बारमध्ये गेले. पुरुष कॉफी पीत होते, उबाल्दो कोपऱ्यात. सगळ्यांदेखत सांगितलं की या माणसानं माझ्या हातचं खाऊन माझ्याच हातच्या मांसात विष घालून माझी कुत्री मारायला पाहिली. आपल्या भिंतीशी ठेवलं, मी डोळ्यांनी पाहिलं. (हे शेवटचं खोटं. पण जागा सांगता येत नाही, आणि बाकीचं खरं असल्यावर एवढ्यानं काय बिघडतं.)

 उबाल्दोनं पेला खाली ठेवला. म्हणाला, "झेलिंदा, यंदा ती माळ मला आली नाही. नेरिनाला आली."

"काय बरळतोस?"

"तुला नाही कळत?"

"मला कळतं तेवढं पुरे आहे. तोंड आहे का तुला बोलायला?"

"नाही," म्हणाला, "तोंड नाही मला." टोपी घेतली आणि गेला. जाताना एकानं त्याच्या पायाशी थुंकलं. मला बरं वाटलं. मग घरी येईपर्यंत बरं वाटेना.

माळ मी एल्व्हिओच्या हाती पाठवली होती. जेवताना विचारलं, "उबाल्दोला माळ दिलीस ना तू?"

"दिली."

"हातात दिलीस?"

"दिली म्हटलं ना, आई! आता काय शपथ घेऊ?"

माझ्याकडे पाहिलं नाही, पावाचे तुकडे करत राहिला. लोरेदानानं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि उठून नळ सोडला. भांडी घासायला अजून वेळ होता.

१२ फेब्रुवारी

आज एल्व्हिओनं शिकारीचं जाकीट खुंटीवरून काढलं, बिर्बाला घेऊन जायला. तिला जाकीट दिसलं की नाचायची ती. आज दोन पावलं आली, खिशाच्या बाजूला नाक केलं आणि माझ्या झग्याखाली शिरली. तिची थरथर माझ्या पिंडऱ्यांना लागत होती.

एल्व्हिओनं जाकीट काढून टाकलं आणि नुसत्या सदऱ्यात तिला हाक मारली. ती गेली, हात चाटला. जाकीट अंगात घातलं, पुन्हा माझ्या झग्याखाली.

"वेडी झालीय," तो म्हणाला.

 तो गेल्यावर जाकिटाच्या खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. हात नाकाला लावला. माझं नाक काही कुत्र्याचं नाही, पण बासष्ट वर्षं मी ते मांस या हातांनी मळते आहे.

रानात जाणारा माणूस खाण्यासाठी खिशात सॉसेज नेतोच. त्यात काय आहे. असं मी तीन वेळा स्वतःला सांगितलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

एल्व्हिओ बाजाराला जातो म्हणून निघाला. मी बिर्बाला घरात बंद केलं आणि एकटी वर गेले. आता जागा लिहिते, लपवण्यासारखं काही उरलं नाही. चुन्याच्या मोडक्या भट्टीमागे तीन ओक आहेत. त्यांच्याभोवती गवत उगवत नाही, जमीन भाजल्यासारखी काळी. ट्रफल असतं तिथं जमीन अशीच असते.

बर्फ पार गेलं होतं. मधल्या ओकाच्या मुळाशी, पानाखाली, अक्रोडाएवढा गोळा होता. काठीनं उलटला, रुमालात उचलला, आणि वाकून वास घेतला.

रानबडीशेप. संत्र्याची साल.

तिथंच बसले. मग मागे पावलं वाजली. एल्व्हिओ. हातात पिशवी, दुसऱ्या हातात काठी, तिनं पानं उलटत येत होता. मला पाहून असा थांबला, जणू त्यालाच विष लागलंय.

"तू इथं कशी?"

"तू इथं कसा?"

"ही जागा... आई, ही जागा तुला कोणी दाखवली?"

"तुझ्या बापानं. मरताना. पोराला सांगू नकोस म्हणाला, तो कुदळ घालून वाटोळं करील."

एल्व्हिओ हसायला लागला. घाण हसणं होतं ते. "मलाही बाबांनीच सांगितली. मरताना. आईला सांगू नकोस म्हणाले, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही."

नाझारेनो, तू थडग्यात आहेस म्हणून वाचलास.

मग सगळं निघालं. यंदा कोणीतरी आपल्या जागेवर येतंय असं एल्व्हिओला दिसलं. खड्डे इतक्या सफाईनं बुजवलेले, की एवढी सफाई गावात एका उबाल्दोलाच जमते असं त्याला वाटलं. उबाल्दोसाठी दिलेली माळ त्यानं फोडली, गोळे केले, उबाल्दोच्या कुत्रीसाठी ठेवले.

"सफाईनं बुजवणारी मी होते," मी म्हटलं. "आणि डुकरासारखं उकरून जाणारा तू."

"मला काय माहीत!"

"बिर्बाला माहीत होतं. शनिवारी माझ्याबरोबर यायची, बाकीचे दिवस तुझ्याबरोबर. ती एकटीच शहाणी होती आपल्यात."

"आई, नेरिना मेली तेव्हा मी आलो होतो गोळे उचलायला. खरंच. बर्फ पडलेलं. सापडेनात. बर्फाखालचं शोधायला..."

"कुत्रं लागतं," मी म्हटलं.

तो रडायला लागला. पन्नाशीचा माणूस. "बिर्बानं भिंतीशी खाल्लं असं तू म्हणालीस ना? मला वाटलं, सुटलो. वाटलं, त्यानं सूड घेतला, फिटलं."

हे मात्र माझ्या छातीत बसलं. भिंत माझी होती. मी बांधली ती, एका वाक्यात, आणि उबाल्दोला तिच्याशी उभा केला.

"आई, तुरुंगात टाकतील मला. कोणाला सांगू नकोस. आपल्या दोघांत राहू दे."

"आपल्या दोघांत?" मी म्हटलं. "तुझा बापही हेच म्हणाला होता. दोघांना वेगवेगळं." गोळा रुमालात बांधला आणि उतरले.

१५ फेब्रुवारी, रविवार

चर्च सुटल्यावर बार भरलेला असतो. जिथं थुंकलं तिथंच पुसायचं. मी दारात उभी राहून सांगितलं, मी खोटं बोलले. भिंतीशी काही नव्हतं. विष माझ्या घरातून गेलं, माझ्या मुलाच्या हातून. नेरिना त्यानंच मेली. उबाल्दोनं काही केलेलं नाही.

उबाल्दो तिथं नव्हता. मंगळवारपासून तो येतच नाही म्हणे.

बारवाला म्हणाला, "मग बिर्बानं खाल्लं कुठे?"

"भट्टीमागच्या तीन ओकांखाली. तिकडे कोणी कुत्रं नेऊ नका, अजून गोळे असतील."

एवढी शांतता मी बिर्बाच्या खोलीतही पाहिली नव्हती. मला वाटलं, आता शिव्या येतील. मला, एल्व्हिओला. मी तयार होते. पण सगळे एकमेकांकडे बघत होते, माझ्याकडे कोणी नाही.

"तीन ओक म्हणजे नाल्याच्या अलीकडचे?" एकानं विचारलं.

"अलीकडचे."

दोघं पेले अर्धे ठेवून उठले. मग आणखी तिघं. मंगळवारी थुंकणारा सगळ्यांत पुढे. विष का ठेवलं, उबाल्दोचं काय, कुत्री कशी आहे, हे विचारायला एकही थांबला नाही. बारवाल्यानं तेवढं म्हटलं, "आजी, कॉफी घेणार?" मी म्हटलं, "नको, पोट वर येतंय."

१६ फेब्रुवारी

बारमधले लोक कुत्र्यांना घेऊन गेले नाहीत. माझं एवढं ऐकलं. कुदळी घेऊन गेले. दुपारपर्यंत तीन ओकांची मुळं उघडी पडली होती. कच्चं, पिकलं, सगळं उपसलं. आता तिथं कधी काही येणार नाही. नाझारेनोच्या बापाच्या बापापासूनची जागा.

वनरक्षक आले. मी रुमाल दिला. त्यांनी एल्व्हिओचा ट्रफल काढायचा परवाना नेला, खटला होईल म्हणाले. लोरेदाना कुजबुजत नाही आता. मोठ्यानं म्हणते, "स्वतःच्या मुलाला धरून दिलंत सासूबाई. आता पोरीची फी कुठून भरायची ते सांगा." सपाता पुन्हा घातल्या आहेत.

एल्व्हिओ माझ्याशी बोलत नाही. मी वाढते, तो खातो.

१९ फेब्रुवारी

उबाल्दोकडे गेले. दार उघडं होतं. चुलीशी बसलेला, शेजारी नेरिनाची गोधडी, धुतलेली, घडी केलेली.

"माफी मागायला आले नाहीये," मी म्हटलं. "ती मागून काय होतं. सांगायला आले."

"कळलं मला. सगळा गाव कुदळ घेऊन माझ्या दारावरून गेला."

मग म्हणाला, "नेरिना मेली तेव्हा मी तिचं तोंड पुसलं. तोंडाला तुझ्या स्वयंपाकघराचा वास होता. मला वाटलं, तू."

"मी?"

"दुसरं कोण घालतं संत्र्याची साल?"

"मग बोलला का नाहीस? त्या दिवशी बारमध्ये मी एवढं तोंड सोडलं, मला उलट शिव्या द्यायच्या होत्यास!"

"तू देत होतीस की. दोघांच्या वाटच्या."

 मी म्हटलं, बिर्बा घे. तो नाही म्हणाला. मी म्हटलं, माझ्या घरात प्रत्येक तुळईला तो वास आहे, एल्व्हिओच्या जाकिटाला आहे, माझ्या हाताला आहे, धुवून जात नाही. ती तिथं राहील पण जगणार नाही. शिवाय परवाना तुझ्याकडे आहे आणि नाक तिच्याकडे. बक्षीस चीजचं दे. सॉसेजचं नाव काढू नकोस.

"आणि तुझं घर?"

"माझं घर मी बघीन."

बघायला काय उरलंय ते मला ठाऊक नाही. पण ते त्याला कशाला सांगू.

१५ मार्च, रविवार

हंगाम आज संपला. डॉक्टरबाई म्हणाली, आजी, आता लिहिलं नाहीत तरी चालेल, बिर्बा बरी आहे. उबाल्दोबरोबर महिनाभर रोज रानात गेली, पिशवी भरून आणते म्हणे. मग लिहिणं बंद. हे शेवटचं.

आज सकाळी दोघं आमच्या दारावरून गेली. मी पायरीवर शेंगा सोलत होते. बिर्बानं मला लांबूनच ओळखलं. शेपूट, कान, सगळं अंग हलवत धावत आली. फाटकाशी पोचली. मी हात पुढे केला, लिंबू आणि राखेनं घासलेला हात.

मागे लोरेदानानं स्वयंपाकघराचं दार उघडलं. रविवारचं सॉसेज तव्यावर होतं.

बिर्बा जागच्या जागी थांबली. नाक वर गेलं, मग सगळं अंग खाली बसलं, लाळ गळायला लागली. माझ्याकडे बघत होती आणि मागे सरत होती, दोन्ही एकाच वेळी. उबाल्दो आला, तिला उचलून छातीशी धरलं, तिचं नाक आपल्या कोटात लपवलं आणि निघाला. वाट वळेपर्यंत तिचं डोकं त्याच्या काखेतच होतं.

मी उठले, घरात गेले आणि दार आतून लावून घेतलं. वास बाहेर जाऊ नये म्हणून.